मुळाशीं पुरलेलें मडकें

आपल्या मराठवाड्यांत उन्हाळ्यांत रोप जगवावयाचें असेल, तर जाणता शेतकरी त्याच्या मुळाशीं एक मातीचें मडकें पुरतो व तें पाण्यानें भरून ठेवतो. मडक्यांतून पाणी हळूहळू पाझरतें आणि जेवढें पाझरतें तेवढें मुळालाच मिळतें. हाडांच्या जंतुसंसर्गावरील एका उपचाराचें तत्त्व हेंच आहे. आणि हा उपचार पैसेवाल्यांच्या रुग्णालयांपुरता न राहतां प्रत्येक सरकारी रुग्णालयांत गरिबाला मिळावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी कांहीं वर्षांपूर्वीं काकांच्या दुचाकीवर मागें बसून गावीं जात असतां बीड रस्त्यावर पडला. नडगीचें हाड मोडून कातडीबाहेर आलें व जखमेंत माती गेली. जखम वरून भरली. परंतु दोन महिन्यांनीं तेथून पू वाहूं लागला. औषध चालू असेपर्यंत तो थांबे आणि बंद होतांच पुन्हां वाहूं लागे. यांत मुलाची परीक्षा बुडाली आणि बापाची बैलजोडी विकली गेली.

असें कां व्हावें? औषध रक्तावाटे जातें. पण हाडाचा जो तुकडा मेला, त्यांत रक्त खेळत नाहीं. त्या तुकड्यावर जंतु स्वतःभोंवतीं बुळबुळीत आवरण करून दडून राहतात. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं आपल्या या शहरांत नहर आणली. परंतु तिचा नळ जेथें फुटेल तेथून पुढचे हौद, उगमाशीं कितीहि पाणी असलें तरी, कोरडेच राहावयाचे. औषधाची मात्रा वाढवावी, तर जेंटामायसिनसारखें औषध मूत्रपिंडास व कानांस अपाय करतें.

म्हणून शस्त्रवैद्यांनीं दुसरी वाट काढली. 1892 सालीं जर्मनींत ड्रेसमन यांनीं हाडांतील पोकळ्या कार्बोलिक ॲसिड मिसळलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसनें भरल्या. 1970 सालीं हांबुर्ग येथील बुखहोल्ट्स यांनीं कृत्रिम सांधा बसविण्याच्या बोन सिमेंटमध्यें जेंटामायसिन मिसळल्याचें प्रसिद्ध केलें. पुढें क्लेम यांनीं अशाच सिमेंटचे मणी करून ते तारेंत ओंवले. मेलेलें हाड काढल्यावर जी पोकळी राहते, तींत ही माळ ठेवतात. तेथें औषध इतकें दाट होतें कीं, तेवढें रक्तांत आणणें जिवावर बेतेल. रक्तांत मात्र त्याचा थोडाच अंश उतरतो. सिमेंट विरघळत नाहीं, म्हणून माळ पुढें बहुधा दुसरी शस्त्रक्रिया करून काढावी लागते. कॅल्शियम सल्फेटचे मणी आपोआप विरतात. पण ते महाग, शिवाय कांहीं रुग्णांच्या जखमेंतून पाणी झिरपत राहतें. सिमेंटचे मणी शस्त्रक्रियागृहांत हातानेंहि वळतां येतात, हें गरिबाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे.

कोणी म्हणतील, औषध असें दीर्घकाळ पाझरूं दिलें तर शेवटीं त्याची मात्रा क्षीण होऊन जंतु निर्ढावतील. आक्षेप खरा आहे. म्हणूनच पुवाची तपासणी करून औषध निवडावें, माळ वेळेवर काढावी आणि सर्वांत आधीं मृत हाड निःशेष काढावें. कुजलेलें मूळ न छाटतां मडकें पुरून काय उपयोग?

परंतु जंतूंना निर्ढावण्याचे धडे आपणहि घरोघर देत असतों. सर्दीपडशावर दुकानांतून परस्पर प्रतिजैविकें आणावयाचीं आणि जरा बरें वाटतांच सोडावयाचीं, ही आपली रीत! आपल्या शहरांत चिकलठाण्यास वोक्हार्टचें संशोधनकेंद्र आहे. त्या कंपनीचें नॅफिथ्रोमायसिन हें न्यूमोनियावरील प्रतिजैविक 2024 सालीं जाहीर झालें. त्यामागें सुमारें 14 वर्षांचे श्रम होते. जें घडावयास इतकीं वर्षें लागतात, तें आपण चार दिवसांत निकामी करावें काय?

छत्रपती संभाजीनगरच्या घाटीकडे सगळ्या मराठवाड्याचा गरीब डोळे लावून येतो. परंतु उघडी जखम झालेला मनुष्य पहिल्यानें जातो तो जवळच्या रुग्णालयांत. तेथें पू तपासणारी प्रयोगशाळा, मृत हाड ओळखणारा शस्त्रवैद्य आणि कपाटांत सिमेंट व औषधाची पूड, या तीन गोष्टी जिल्ह्याजिल्ह्यास असाव्यात. महिनोन् महिने व्यर्थ जाणाऱ्या बाटल्यांच्या खर्चापुढें हा खर्च मला जड वाटत नाहीं.

त्या माझ्या विद्यार्थ्याच्या पायांत अखेर अशीच माळ घातली गेली आणि पुढें काढली गेली. तो आज किंचित् लंगडतो, पण स्वतःच्या पायांवर शाळेंत आला व परीक्षेस बसला. मडकें वेळेवर पुरलें असतें, तर कदाचित् बैलजोडीहि वांचली असती.