बर्फावरचे बूट

गोव्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांची मुले आज कॅनडात, विशेषतः टोरोंटोच्या परिसरात, संसार थाटून आहेत. हिवाळ्यात त्यांच्याकडून छायाचित्रे येतात. नातवंडे बर्फावरून सरसर घसरत असतात आणि त्यांचे आईबाप कठड्याबाहेर कोट गुंडाळून उभे असतात. मुलांना स्केट्स घेतले जातात. स्वतःसाठी मात्र ‘या वयात हा खर्च कशाला?’ असे म्हटले जाते.

वाचकहो, हा हिशेब उलटा आहे. मुलाचे पाऊल वाढते आणि त्याचे बूट वरचेवर बदलावे लागतात. प्रौढाचे पाऊल वाढत नाही. जपून वापरलेला जोडा त्याला कित्येक हिवाळे पुरतो. शिवाय टोरोंटोच्या नगरपालिकेची उघड्यावरील बर्फांगणे सर्वांना विनामूल्य खुली असतात. ओटावा येथील गोठलेल्या रिडो कालव्यावरचा ७.८ किलोमीटरचा बर्फमार्गही तसाच. खर्च काय तो बुटांचा.

नवशिक्याने प्रथम दोन-चार वेळा भाड्याचे स्केट्स वापरून पाहावे. गोडी लागली तर मग खरेदी करावी. फिगर स्केट्सचे पाते लांबट असून त्याच्या पुढच्या टोकाला दाते असतात. हे दाते उड्या व गिरक्यांसाठी आहेत. त्यांनी जोर देऊन पुढे जाऊ नये, आणि थांबण्यासाठी तर ते मुळीच टेकवू नयेत.

खरी परीक्षा बुटाची. घोट्याजवळचा भाग हाताने दाबून पाहावा. तो कापडासारखा दुमडला, तर प्रौढ माणसाचे वजन त्याला पेलणार नाही. घोटे आत वळतील आणि पाय दुखू लागतील. खेळण्यासारखे अतिस्वस्त जोडे म्हणूनच शेवटी महाग पडतात. उलट, स्पर्धकांचे अतिताठर बूटही आपल्या कामाचे नव्हेत. त्यांत गुडघे नीट वाकत नाहीत. जॅक्सन, रिडेल यांसारखे कारखाने नवशिक्यांसाठी मध्यम प्रतीचे जोडे काढतात. साध्या विहाराला तेवढे पुरेत.

माप घेताना पावलाची लांबी व रुंदी दोन्ही मोजावीत. स्केट्सचा क्रमांक बहुधा नेहमीच्या बुटाहून लहान येतो. पातळ मोजा घालून उभे राहावे: बोटे पुढे जेमतेम टेकावीत आणि टाच जागची हलू नये. ‘थोडे सैल असू दे, जाड मोजा घालू’ हा विचार घातक आहे. सैल बुटात पाऊल हलते आणि तोल जातो.

पैसे कमी असतील तर चांगल्या प्रतीचा वापरलेला जोडा घ्यावा. घोट्यावर खोल सुरकुती पडली असेल, तळाचे स्क्रू सैल झाले असतील किंवा पात्याला गंजाने खड्डे पडले असतील, तर तो सोडून द्यावा. नव्या पात्यालाही पुष्कळदा धार लावून घ्यावी लागते. तो खर्च आधीच हिशेबात धरावा. वापरानंतर पाते कोरडे पुसावे, आणि बर्फाबाहेर चालताना त्यावर आवरण चढवावे.

थोडी रक्कम डोक्यावरील शिरस्त्राणासाठीही राखावी. हॉलंडमधील स्खीडामची संत लिडविना पंधराव्या वर्षी बर्फावर पडली, तिची बरगडी मोडली आणि १४३३ साली मृत्यू येईपर्यंत ती अंथरुणाला खिळून राहिली. बर्फावर घसरणाऱ्यांची ती आश्रयदाती संत मानली जाते.

परदेशी असलेल्या आपल्या मुलांना पत्र लिहाल तेव्हा एवढे अवश्य कळवा: पुढच्या हिवाळ्यात जोडा स्वतःसाठीही घ्या आणि कठड्याच्या आत जा. आपले आईबाप आपला हात धरून अडखळत शिकताहेत, हे पाहण्यात मुलांनाही मोठा आनंद असतो.