पदकाबरोबर कागदही जपा



आपल्या घरातील पत्र्याच्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी काय आहे, हे आपण अलीकडे कधी पाहिले आहे काय? एखादा खाकी डगला, पितळी बिल्ला, फितीचा रंग उडालेले पदक, पलटणीतून सुटका झाल्याचा दाखला, असे काही तेथे असण्याचा संभव पुष्कळ आहे. कारण सैन्यात चाकरी केलेला पूर्वज ज्यांच्या घरात नाही, अशी घराणी आपल्यात थोडी. अशा वस्तू जमविण्याचा छंद आपल्या काही तरुणांनाही लागला आहे. छंद चांगला आहे. परंतु वस्तू जमविणे निराळे आणि तिचा इतिहास जमविणे निराळे. आणि दुसऱ्यावाचून पहिल्याला फारसा अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षक माझ्या कचेरीत आले. त्यांनी हातरुमालात गुंडाळून एक रुप्याचे पदक आणले होते. पहिल्या महायुद्धातील सेवेबद्दल सरकारने दिलेले ब्रिटिश वॉर मेडल ते. कडेवर रोमन अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि १११ व्या महार पलटणीचा उल्लेख. नावाच्या शेवटी जुन्या पद्धतीचे ‘नाक’. हे आपले पणजोबा, असे शिक्षकांचे म्हणणे. मी विचारले, “कशावरून?” ते गप्प झाले. त्यांचे आजचे आडनाव गावावरून घेतलेले. पदकावरील नावाशी त्याचा काडीइतका संबंध दिसत नव्हता. कागद एकही नव्हता.

कागद कोठे गेला, ते ऐंशी ओलांडलेल्या त्यांच्या आत्याबाईंनी सांगितले. पदक देव्हाऱ्यात असे, आणि दाखल्याची गुंडाळी देवांच्या ताम्हनाखाली. १९५६ साली घराने धम्मदीक्षा घेतली आणि देव नदीत सोडले. आत्याबाईंच्या वडिलांनी पदक तेवढे आठवणीने काढून घेतले. कागद देवांच्या फडक्याबरोबर पाण्यात गेला. देव गेले ते योग्यच झाले. कागद मात्र देव नव्हता, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आले नाही.

या पदकाची थोडी माहिती देतो. त्यात सुमारे एक औंस चांदी असते, म्हणून सोनाराला ते केवळ धातू वाटते. १९७९-८० साली चांदीचे भाव भडकले तेव्हा अशी पुष्कळ पदके मुशीत गेली. मजूर पलटणींतील लोकांना हेच पदक काशाचे मिळे. म्हणजे सन्मानातही पायऱ्या होत्याच! पण रुप्याचे असो वा काशाचे, त्याची खरी किंमत त्याच्या कडेवर आहे, कारण तेथे शिपायाचे नाव आहे. इराकमधील बसरा येथे त्या युद्धातील मृतांचे मोठे स्मारक आहे. तेथे गोऱ्या शिपायांची नावे कोरली आहेत. हिंदी मृतांपैकी मात्र केवळ अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि बाकीचे पलटणीच्या नावाखाली एक आकडा होऊन राहिले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात कबूल केले, की हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन इत्यादी ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने केले गेले नाही. जे नाव दगडावर आले नाही, ते एखाद्या घरातील पदकाच्या कडेवर आहे. आणि ते पदक आपण ब्रासोने घासघासून गुळगुळीत करीत असतो!

काही मित्र म्हणतात, परक्या सरकारच्या चाकरीची ही चिन्हे, ती कशाला मिरवायची? मिरवू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण पुरावा ही मिरवण्याची वस्तू नव्हे. १८९० नंतर महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. त्या मागणीचा आधार कोणता होता? आमच्या लोकांनी केलेली सैनिकी चाकरी. १९१७ साली १११ वी पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडली; मग १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत वीस वर्षे गेली. वडील सुभेदार असलेल्या बाबासाहेबांना या सेवेचे मोल कोणी शिकवावे लागले नाही.

आता कायद्याचे पाहू. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल, तर तो खरा आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येते. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. यातील ‘योग्य ताबा’ हे शब्द संग्रह करणाराने मनात ठेवावेत. वस्तू कोणाकडून कोणाकडे आली, केव्हा आली, कशी आली, ही साखळी तुटली की वस्तू मुकी झाली. नात्याविषयी माहीतगार माणसाने सांगितलेली गोष्ट त्याच्या मृत्यूनंतरही पुराव्यात येऊ शकते. अट अशी, की ती वाद उत्पन्न होण्यापूर्वी सांगितलेली असावी. म्हणून घरातील वृद्धांचे कथन आजच लिहून घ्या. त्यांची सही अथवा अंगठा घ्या, तारीख घाला, दोघांची साक्ष घ्या.

दुसरे असे, की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांची वस्तू अथवा पंचाहत्तर वर्षांचा दस्त केंद्र सरकारच्या अधिकाराशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदके शंभरी ओलांडून गेली आहेत. तेव्हा परदेशी गिऱ्हाईक आहे असे सांगत कोणी दारी आला, तर दार लावून घ्यावे. ट्रंकेत काडतूस सापडले तर पोलिसांना कळवावे. आणि शिपाई असल्याची बतावणी करण्यासाठी गणवेश अंगावर चढविणे हा गुन्हा आहे, हे हौशी पोरांना सांगून ठेवावे.

बाजारातून विकत घेणारांना एक इशारा. मांडलेला प्रत्येक बिल्ला खरा नसतो. महार रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. ऑक्टोबर १९४६ मध्ये तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले, तेव्हा बिल्ल्यावर आडव्या-तिडव्या मशीनगन आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. मशीनगन असलेला बिल्ला कोणी १९४२ चा म्हणून पुढे केला, तर तो विकणारा अज्ञानी आहे किंवा लबाड आहे. तसेच आपल्या आजोबांच्या डगल्याला दुसऱ्याची पदके लावून शोभा वाढवू नये. आपल्या घराण्याने बजावलेल्या सेवेला खोट्या साक्षीची गरज नाही, आणि एक खोटे निघाले की शेजारचे दहा खरेही संशयात सापडतात. डगला तर धुवूही नये. गळपट्टीच्या आत शाईने लिहिलेला नंबर पहिल्याच धुण्यात जातो.

शिक्षकांच्या प्रकरणात आम्ही काय केले? आडनाव केव्हा बदलले, ते त्यांच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरून मिळाले. तेथे वडिलांचे नाव जुन्याच पद्धतीने, ‘नाक’सह लिहिलेले होते, आणि ते पदकाशी जुळले. आत्याबाईंचे कथन दोन पाने भरले; देव नदीत सोडल्याचा मजकूरही त्यात जसाच्या तसा घेतला. मी अंगठ्यासाठी शाई पुढे केली, तशी त्या रागावल्या. “वकीलसाहेब, मला सही येते,” म्हणाल्या, आणि चष्मा पुसून त्यांनी सावकाश सही केली. खाकी डगला त्यांच्या धाकट्या भावाकडे गावी आहे म्हणतात. येत्या रविवारी तो पाहावयास मी जाणार आहे.