‘शक्तिमान’चा फेरविचार : आठवणींच्या पलीकडे

पिंगळी (जि. परभणी) : दूरदर्शनवरील ‘शक्तिमान’ या मालिकेचा पहिला भाग १३ सप्टेंबर १९९७ रोजी प्रसारित झाला आणि शेवटचा २७ मार्च २००५ रोजी. त्या काळी शाळेत जाणारी पिढी आता तिशी-चाळिशीत पोहोचली आहे. बालपणी डोक्यावर घेतलेली आणि कॉलेजात गेल्यावर थट्टेचा विषय केलेली ही मालिका आता तिसऱ्यांदा जोखली जात आहे. वरवर पाहता हा केवळ स्मरणरंजनाचा प्रकार वाटेल. वास्तविक प्रश्न त्याहून मोठा आहे. एखाद्या कलाकृतीचा निवाडा ती कोणत्या परिस्थितीत पाहिली गेली, यावर किती अवलंबून असतो, हा तो प्रश्न होय.

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावांत त्या काळी करमणूक म्हणजे मुख्यत्वे छपरावरचा अँटेना आणि दूरदर्शन. मोठ्या शहरांत केबल आली होती आणि तेथील प्रेक्षक परदेशी मालिका व चित्रपटांशी तुलना करून ‘शक्तिमान’च्या दृश्यचमत्कृतींना हसत होता. खेड्यातील मुलासमोर अशी तुलनाच नव्हती. वीज गेली की भाग बुडत असे आणि तो पुन्हा पाहण्याची सोय नसे. म्हणजे एकाने मालिका नाकारली ती तुलनेपोटी आणि दुसऱ्याने स्वीकारली ती तुटक भागांच्या आधारे. सलग पाहून दिलेला निवाडा दोघांचाही नव्हता.

ती संधी एप्रिल २०२० मध्ये मिळाली. टाळेबंदीच्या काळात ‘रामायण’, ‘महाभारत’ यांच्यापाठोपाठ ‘शक्तिमान’चेही पुनःप्रसारण झाले. तांत्रिक मर्यादा या वेळी अधिकच ठळकपणे जाणवल्या, हे खरे. पण लहानपणी लक्षात न आलेल्या गोष्टीही दिसल्या. महाशक्तीचा धनी वृत्तपत्रातील बावळट छायाचित्रकार गंगाधर बनून वावरतो. मुकेश खन्ना यांनी रंगविलेला हा विनोदी गंगाधर आज अनेकांना शक्तिमानपेक्षा सरस वाटतो. सुरेंद्र पाल यांचा किल्विष आणि ललित परिमू यांचा डॉ. जॅकाल यांच्या अभिनयालाही आता दाद मिळते.

उत्तरार्धाबाबतचा जुना आक्षेपही तपासून पाहण्यासारखा आहे. पुढे मालिका ढिली पडली आणि म्हणून संपली, असा समज होता. खन्ना यांनी नंतरच्या मुलाखतींतून वेगळे कारण सांगितले आहे : दूरदर्शनने वाढविलेले प्रसारण शुल्क परवडेनासे झाले. ही निर्मात्याची बाजू आहे. तरीही मालिकेचे बरेवाईट केवळ लेखक-दिग्दर्शकांच्या हाती नसते, याची जाणीव त्यातून होते.

अर्थात, फेरविचार म्हणजे सरसकट माफी नव्हे. नायकाचे सामर्थ्य योगसाधना व कुंडलिनी जागृतीतून येते आणि प्रयोगशाळेत काम करणारा शास्त्रज्ञ मात्र खलनायक ठरतो, ही मांडणी आज खटकते. मराठी विज्ञान परिषद आणि डॉ. जयंत नारळीकर यांच्या कथांनी ज्या वाचकाला विज्ञानकथेची ओळख करून दिली, त्याला तर ती अधिकच खटकावी. अनुकरणाच्या नादात मुलांनी इजा करून घेतल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या. मालिकेतूनच मुलांना सावध करावे लागले होते. हा इतिहास प्रेमापोटी पुसून चालणार नाही. उलट केतन मेहता यांची १९९८ मधील ‘कॅप्टन व्योम’ ही मिलिंद सोमण अभिनीत मालिका लोकप्रियतेत मागे राहिली, तरी अंतराळ व भविष्याची कल्पना करण्याचे धाडस तिने केले होते. नव्या हिशेबात तिचे पारडे जड होते.

असा फेरविचार अन्यत्रही घडतो. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली. तिची पहिली कथा लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केली होती. पुढे बीबीसीने असंख्य चित्रफिती पुसल्या आणि या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग नाहीसे झाले. १९६७-६८ मधील ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या कथेच्या सहा भागांपैकी एकच शिल्लक होता आणि त्यावरून ती सामान्य ठरली होती. उरलेले भाग नायजेरियात सापडल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. संपूर्ण कथा पाहिल्यावर रसिकांनी आपले मत बदलले. कथा तीच होती, पुरावा नवा होता.

‘शक्तिमान’वर चित्रपटमालिका काढण्याची घोषणा फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. नायक कोण, यावरून २०२४ मध्ये वादही रंगला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोव्यातील इफ्फी महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हे व्यासपीठ सुरू केले आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका मोबाइलवर आणण्याचे पाऊल उचलले. नव्या नायकाच्या चर्चेपेक्षा हे पाऊल महत्त्वाचे आहे. जुन्या मालिकांचे सर्व भाग प्रसारणाच्या क्रमाने, तारखा आणि श्रेयनामावलीसह उपलब्ध झाले, तरच शहरातील उपहास आणि गावातील भक्ती या दोन्हींच्या पलीकडे जाता येईल. दूरदर्शनचा तो काळ सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या माध्यमाचा होता. त्याचा दस्तऐवज जपणे ही चाहत्यांची हौस नव्हे, तर सार्वजनिक जबाबदारी आहे.