लग्न लागते आहे की फोटो निघतो आहे?

गेल्या वैशाखातली गोष्ट. निगडीच्या एका मंगल कार्यालयात शेजाऱ्यांच्या मुलीचे लग्न होते. मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. गुरुजींनी घड्याळाकडे पाहत शेवटचे मंगलाष्टक संपवले, 'सावधान' म्हटले, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, आम्ही पाच-सहाशे माणसांनी मुठीतल्या अक्षता उधळल्या आणि मुलीने हार उचलला. तेवढ्यात व्यासपीठावरून एक खणखणीत आवाज आला, "गुरुजी, एक मिनिट! मला फ्रेम मिळाली नाही. पडदा परत धरा!"

मला वाटले, गुरुजी आता दुर्वासाचा अवतार धारण करणार. कसचे काय! गुरुजींनी मुकाट्याने अंतरपाट पुन्हा धरला. मुलीने हार खाली घेतला, मान खाली घातली आणि ती बिचारी दुसऱ्यांदा लाजली. पाहुण्यांच्या मुठी रिकाम्या झाल्या होत्या; तेव्हा मुलाच्या काकांनी सतरंजीवरचे तांदूळ गोळा करून दोन मुठी उधळल्या. 12 वाजून 41 मिनिटांनी लग्न पुन्हा लागले. पंचांगातला मुहूर्त पहिल्या लग्नाचा आणि आल्बमात चिकटलेले आहे ते दुसरे! ह्या दोहोंतले खरे कोणते, हे विचारण्याचे धाडस ना वधूपित्याला झाले, ना गुरुजींना, ना मला. कार्यालयात गप्प बसले म्हणून आज इथे बोलते आहे.

मी ह्याच भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण दहावी आणि पुढे चित्रकलेच्या परीक्षा, एवढेच. कादंबऱ्या लिहिते, पण त्या वाचून कोणी आपले लग्न बदलले असल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा मोठा अधिकार असल्याचा आव मी आणत नाही. परंतु चेहऱ्यावर उजेड कुठून पडावा आणि चौकटीत कोणाला घ्यावे, ह्या दोन गोष्टी मी वीस वर्षे मुलांना शिकवीत आले आहे. आणि लग्नाच्या फोटोंत नेमक्या ह्याच दोन गोष्टींचा आपण सत्यानाश करून ठेवला आहे, हे माझे म्हणणे आहे.

आमच्या वस्तीपुरते ह्या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. पिंपरी-चिंचवडचे नवनगर विकास प्राधिकरण 1972 साली स्थापन झाले, ते कारखान्यांत काम करणाऱ्यांना घरे मिळावीत म्हणून. 2021 साली ते संपुष्टातही आले. वस्तीचे नाव मात्र प्राधिकरण ते प्राधिकरणच. इथला प्रत्येक माणूस कुठून तरी आलेला. कोणाचे गाव माण तालुक्यात, कोणाचे बीडकडे, कोणाचे जळगावला. आमच्या चाळीस वर्षांच्या संसारात चुलते, आत्या, मावश्या, मामा एका छपराखाली आले ते फक्त लग्नात. वाड्यात एकत्र राहणाऱ्यांना फोटोची काय मातब्बरी? आमच्यासारख्या पांगलेल्यांना मात्र सगळे गोत एकत्र दिसण्याची तेवढीच एक जागा.

आईच्या लग्नाचे, म्हणजे 1974 सालचे, फोटो एकंदर अकरा. वडिलांच्या मित्राजवळ बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक-थ्री कॅमेरा होता. त्यात 120 ची फिल्म बसे आणि तीवर सहा सेंटिमीटरच्या चौकोनी बारा चौकटी उमटत. बारावीचे काय झाले ते त्या गृहस्थासच ठाऊक. पण अकरांपैकी एका फोटोत मी माणसे मोजली आहेत : त्रेचाळीस! फिल्मला पैसे पडत. म्हणून एकेका चौकटीत जेवढे गोत मावेल तेवढे कोंबायचे. उलट, माझ्या भाच्याच्या लग्नात परवा फोटो निघाले चार हजार दोनशे. मी ते तीन रात्री बसून पाहिले. त्यांतल्या तीन हजारांहून अधिक फोटोंत माणसे दोनच. उरलेल्यांत बुटांचे फोटो, बांगड्यांचे फोटो, पत्रिकेवर ठेवलेल्या अंगठ्यांचे फोटो. भाच्याची आजी एका फोटोत आहे, तीही पाठमोरी.

ह्यावर 'जुने ते सोने' म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. त्या अकरा फोटोंत माझ्या वडिलांची आई नाही. ती विधवा होती. कार्याच्या दिवशी तिने पुढे यायचे नाही, अशी तेव्हाची समजूत. म्हणजे तेव्हा कोणाला वगळायचे ते रूढी ठरवीत होती, आता ते फोटोवाल्याचे वेळापत्रक ठरवते. वगळली जाणारी माणसे मात्र पुष्कळशी तीच.

आता माझी स्वतःची फिर्याद सांगते. माझे लग्न 2003 साली झाले. रंगीत फिल्मचे चार रोल, छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस फोटो. आमच्या घरात अशी रीत की, मंगलाष्टके चालू असताना मुलीच्या आईने लग्न पाहायचे नाही. तिने मागे जाऊन तुळशीला पाणी घालत बसायचे. माझी आई कार्यालयाच्या मागल्या अंगणात तांब्या घेऊन बसली होती. हे मला मागाहून मावशीने सांगितले. पुढे अक्षता पडत होत्या, आणि जिने पहाटे चारपासून कोठीघराच्या किल्ल्या कमरेला लावून नारळ मोजले ती बाई पुढचा आवाज ऐकत एका कुंडीत पाणी ओतीत होती. त्या दिवसातले सर्वांत पाहण्याजोगे दृश्य तेच असले पाहिजे, असे मला आता वाटते. फोटोवाला तिकडे फिरकला नाही. त्याचा तरी काय दोष? त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

2021 च्या एप्रिलात आई गेली. ते दिवस कसले होते हे सांगायला नको. दहाव्याला फोटो हवा म्हणून घरात शोधाशोध सुरू झाली. एकशे चव्वेचाळीसपैकी तीन फोटोंत आई सापडली : एकात डोळे मिटलेले, एकात वाढप्याशी बोलताना मागे वळलेली, आणि एकात विहीणबाईंची ओटी भरताना, अर्धा चेहरा त्यांच्या खांद्याआड. तिसरा त्यातल्या त्यात बरा. स्टुडिओच्या मुलाने संगणकावर तो मोठा केला, मागे निळा रंग भरला, झाकलेला गाल उघड्या गालावरून उलटा करून बसवला आणि खांदा कुठल्या तरी दुसऱ्या बाईच्या फोटोतून आणून जोडला. मुलगा कसबी होता. पाहणाऱ्याला कळत नाही. मी चित्रकला शिकवते, मला कळते. आमच्या भिंतीवरच्या आईला खांदा परक्या बाईचा आहे.

आपल्या ओळखीच्या घरांतल्या भिंतींवरचे हार घातलेले फोटो एकदा निरखून पाहा. त्यांतले कितीतरी कुठल्या ना कुठल्या लग्नातून कापून काढलेले आढळतील. कडेला कोणाच्या तरी शालूचा काठ राहिलेला असतो, कोपऱ्यात मंडपाची झालर असते. लग्नाच्या फोटोचे हे दुसरे आयुष्य ठरवून कोणी फोटो काढीत नाही. पण ते येते खास. ज्यांचे लग्न, त्यांचे फोटो पुढे शंभर निघतात. ज्यांचे नाही, त्यांचा तोच एक.

मग 'प्री-वेडिंग' नावाच्या प्रकरणावर मी तुटून पडणार, अशी पुष्कळांची अटकळ असेल. 2025 साली मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नसमारंभांसाठी आचारसंहिता ठरवण्यात आली, तीत हे चित्रीकरण टाळावे असेही एक कलम आले. त्यामागची खर्चाची काळजी मला मान्य आहे. कर्ज वधूपित्याच्या डोक्यावर आणि धुराचे लोट पवनेच्या काठी, हा प्रकार मीही पाहिला आहे. परंतु त्या दोघांवर माझा राग नाही. पाहून-ठरवून जमलेल्या लग्नात मुलामुलीला बरोबर कोणी वडीलधारे नसताना एक अख्खा दिवस मिळतो, तो ह्या निमित्तानेच. दुर्गा टेकडीवर जावे, हसावे, झाडाखाली बसावे. फक्त दुपारी बाराच्या उन्हात नव्हे. डोक्यावरचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पाडते. सकाळी साडेसात किंवा दिवेलागणीच्या आधीचा तास, ह्याला दमडीही पडत नाही. आणि नकली दाढी लावून सिनेमातल्या नायकाची पोज देण्यापेक्षा मुलाने तिला नुसते काही विचारावे. ती उत्तर देत असताना जो चेहरा मिळेल, तो सांगून मिळत नाही.

माझे भांडण आहे ते मांडवात. साखरपुड्याला कुंकू लावणाऱ्या सासूला थांबवून "आंटी, हात असाच ठेवा" म्हणतात. ती बाई बोट कपाळावर टेकवून पुतळ्यासारखी उभी! सप्तपदीची चौथी पावली मागे घ्यायला लावतात. व्यासपीठावर चार कॅमेरे, त्यांचे चार सहायक आणि वर घोंघावणारा ड्रोन; समोर बसलेल्या पाहुण्यांना दिसतात आठ पाठी. होमाची राख ड्रोनच्या वाऱ्याने गुरुजींच्या दाढीत गेलेली मी पाहिली आहे. कन्यादान करताना बापाचे डोळे भरून आले की दिव्याचा झोत थेट त्यांत. चोरालाही कोणी असे उजेडात धरीत नाही.

बरे, एवढे करून हाती काय येते? मांडवाच्या छताला पिवळे-जांभळे कापड. फ्लॅश त्यावर आपटून घेतला की तोच रंग चेहऱ्यांवर उतरतो, आणि मग वऱ्हाडाला कावीळ झाल्यासारखी दिसते. छत पांढरे नसेल तर तसा फ्लॅश मारू नये, एवढे साधे गणित. आपली वीज पन्नास आवर्तनांची. हलक्या दिव्यांच्या माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. तिथे शटर 1/100 किंवा 1/50 वर ठेवले नाही तर फोटोवर आडवे पट्टे येतात. उलट, अक्षतेचा दाणा हवेत टिपायचा तर 1/500 हून मंद गती उपयोगी नाही. म्हणजे जागेचा उजेड आदल्या दिवशी येऊन पाहिलाच पाहिजे. तो पाहायला किती जण येतात?

आणि घोळक्याचा फोटो! तो जेवणानंतर, निम्मे पाहुणे बसला गेल्यावर का काढायचा? जेवणाआधी काढावा, म्हाताऱ्यांना खुर्च्या द्याव्या आणि त्या मधोमध मांडाव्या. फोटोवाला जागा नाही म्हणून पुढे सरकतो, रुंद कोनाची भिंग लावतो, आणि त्या भिंगाने कडेची माणसे ताणली जातात. कडेला कोण उभे असते? आग्रह न करता जी उभी राहतात तीच गरीब माणसे. दहा पावले मागे जा, पन्नास मिलिमीटरचे भिंग लावा, तीन रांगा असतील तर छिद्र 8 पर्यंत लहान करा, आणि सहा फोटो घ्या. चाळीस माणसांत कोणाचा ना कोणाचा डोळा मिटतोच.

म्हातारीचा एक फोटो निराळा हवाच. व्यासपीठावर नको, वधूपक्षाच्या खोलीत, खिडकीशी, उजेड एका बाजूने येईल अशी बसवून. तिला हसा म्हणू नये. नातीचे नाव काढावे आणि थांबावे. बायकांच्या खोलीत पुरुष फोटोवाला अवघडतो, हे खरे. पण त्यालाही तोड आहे. राजा दीनदयाळांनी 1892 साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढून तो एका बाईच्या हाती दिला होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर आपल्याला एक सहायक मुलगी नेमता येऊ नये?

फोटोवाले ह्यावर म्हणतील : गिऱ्हाईक मागते ते आम्ही देतो. खरे आहे. ही मुले सोळा-सोळा तास उभी असतात आणि आपण त्यांना शेवटच्या पंगतीला बसवतो. यादी देणे हे आपले काम. कोण आत्या, कोण चुलत आजोबा, हे परक्याला कसे कळावे? घरातला एक जाणता भाचा त्याच्या जोडीला दिवसभर द्यावा. मात्र व्यवहार लेखी असावा. माझ्या एका नातलगाला मूळ फोटो देण्यासाठी वरकड रक्कम मागितली गेली, वर 'हक्क आमचा' असा दम! 1957 च्या प्रताधिकार कायद्याचे 17 वे कलम सांगते की, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढवलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, तो काढवून घेणाराच. सही करण्यापूर्वी उलट करार कागदावर आहे का, तेवढे पाहावे. आणि मूळ फोटो घ्यावेतच. आठ बाय बारा इंचांचा चांगला छाप काढायला सुमारे 86 लाख बिंदू लागतात. व्हॉट्सॲपवर नेहमी येतो तो फोटो त्याच्या पासंगाला पुरत नाही. वीस फोटो कागदावर छापून घ्यावेत. हार्ड डिस्क कपाटात ठेवली म्हणजे जपली, असे होत नाही.

तुळशीचे लग्न झाले की आमच्या पुतणीचे आहे. जाऊबाईंनी रीत मोडायची नाही म्हणून सांगितले. त्या मागे तुळशीपाशीच बसणार. मी ठरवलेल्या फोटोवाल्याला चिठ्ठी लिहून दिली. त्याने ती नम्रपणे वाचली आणि म्हणाला, "मॅडम, त्या वेळी आमचे सगळे कॅमेरे स्टेजवर असतात." तेव्हा माझ्या वर्गातल्या नववीतल्या एका मुलीला, तिच्या आईची परवानगी काढून, मी दोन रविवार आमच्या तुळशीपाशी उभी केली. पाणी घालायला मी बसले. पहिल्या रविवारी तिने तुळस सुरेख टिपली. माझे डोके वरून कापले गेले होते. दुसऱ्या रविवारी ती गुडघ्यांवर बसली, तांब्या, हात आणि चेहरा तिन्ही चौकटीत आले. लग्नाच्या दिवशी तिला मी पहिल्या पंगतीला जेवायला बसवणार आहे.