रंगीत चित्र झालं, आता तक्ता दाखवा

मेकॅनिकलच्या फायनल इयरचं प्रोजेक्ट प्रेझेंटेशन. गाडीभोवतीच्या हवेचं लाल-निळं चित्र स्क्रीनवर येतं, परीक्षक मान डोलावतात. ‘मेश आणखी बारीक केला तर उत्तर बदलतं का?’ असं कुणी विचारलं, की मात्र सगळा ग्रुप एकमेकांकडे बघतो.

आणि हे पुण्यात! 1991 मध्ये इथेच सी-डॅकने परम 8000 उभा केला. पाषाणच्या आयआयटीएममध्ये 2024 पासून 11.77 पेटाफ्लॉप्सचा ‘अर्का’ आहे. मे 2025 मध्ये सुरू झालेली, तिथेच घडलेली भारत फोरकास्ट सिस्टिम हवामानाचा अंदाज 12 किलोमीटरच्या चौकटीवरून 6 वर घेऊन आली. हवामानाचं मॉडेल म्हणजे शेवटी सीएफडीच. पाइपऐवजी अख्खं वातावरण, एवढंच. 12 किलोमीटरच्या एका चौकटीत कात्रज आणि शिवाजीनगर दोन्ही मावतात. सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याचा पूर पाहिलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

चौकट निम्मी केली की आडव्या दोन्ही दिशांना चौकटी दुप्पट होतात, आणि गणित फुटू नये म्हणून वेळेची पायरीही साधारण निम्मी करावी लागते. काम ढोबळमानाने आठपट! नुसती मोठी मशीन आणून हे भागत नाही. हाय-ऑर्डर पद्धती प्रत्येक चौकटीत एका सरासरी आकड्याऐवजी वरच्या घाताची बहुपदी धरतात. मग कमी चौकटींतही भोवरे टिकतात. शिवाय जीपीयू गणितात अडत नाही, मेमरीतून आकडे आणण्यात अडतो. या पद्धती आणलेल्या आकड्यावर जास्त गणित करतात, म्हणून दोघांचं जमतं. फुकट काही नाही म्हणा. शॉक वेव्ह आली की बहुपदी हेलकावे खाते, आणि रात्रभर चाललेला रन पहाटे ‘नॅन’ दाखवून मोकळा होतो.

हे कोड लिहिणारी मुलं पाषाणला याच शहरातून मिळायला हवीत. पण आपली कॉलेजं शिकवतात ते सॉफ्टवेअरचं बटण दाबायला, कारण रेझ्युमेवर तेच उठून दिसतं.

सुरुवातीला महासंगणक लागत नाही. एकाच दिशेने सरकणारी लाट लॅपटॉपवर पायथॉनमध्ये लिहा, आधी पहिल्या ऑर्डरने, मग चौथ्या. चौकटी दुप्पट केल्यावर पहिलीची चूक निम्म्यावर येते, चौथीची सोळाव्या हिश्शावर. हा तक्ता प्रत्येक सीएफडी प्रोजेक्टला सक्तीचा करा. आणि सर, पुढच्या व्हायव्हाला चित्राआधी तोच मागा.