टाकळा, गोवा पावडर आणि गजकर्ण

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की भिवंडी-कल्याण रस्त्यावरील टेमघरच्या आसपास, मोकळ्या जागी आणि गटारांच्या कडेला टाकळा उगवतो. कोवळा असेतो त्याची भाजी होते. पुढे त्याला कोणी विचारीत नाही. या टाकळ्याचे एक संस्कृत नाव 'दद्रुघ्न', म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा, असे आहे. आणि याच परिसरात यंत्रमागांच्या कोंदट कारखान्यांतून तासन् तास घामाने भिजणाऱ्या कामगाराच्या जांघेत आणि कमरेला गजकर्ण ठाण मांडून बसते.

नावावरून औषध सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु नावात साठलेला अनुभव हसण्यावारी नेण्याजोगाही नसतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'गोवा पावडर' नावाची पिवळसर भुकटी नायट्यावर विकली जाई. ती मूळची गोव्याची नव्हेच. ब्राझीलमधील एका वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत साठणारे ते द्रव्य पोर्तुगिजांच्या मार्गे इकडे आले होते. १८७० च्या दशकात युरोपातील डॉक्टरांचे तिच्याकडे लक्ष गेले, तिच्यातील क्रायसारोबिन वेगळे काढण्यात आले आणि सोरायसिसवर ते वापरले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात हे द्रव्य दुर्मिळ झाले, तेव्हा जर्मनीत १९१६ मध्ये त्याच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल तयार झाले. टाकळ्यात आढळणारे क्रायसोफॅनॉल याच कुळातले. मात्र क्रायसारोबिन कातडीची आग करी, कपडे डागाळी आणि डोळ्यांत गेल्यास डोळे सुजवी. म्हणूनच त्याची मात्रा ठरवावी लागली. वनस्पतीतून आले म्हणजे निरुपद्रवी, या लाडक्या समजुतीला येथे काहीच आधार नाही.

कामगाराच्या हाती आज काय पडते? दुकानदाराने काढून दिलेले स्टिरॉइडमिश्रित मलम. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि कातडी पातळ होते. कातडीवर लावण्याची स्टिरॉइडे चिठ्ठीवाचून विकली जाऊ नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला; परंतु ज्याला डॉक्टरकडे जाण्यासाठी दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते, त्याला दुकान जवळचे वाटणारच. त्यातच टर्बिनाफिनसारख्या हुकमी औषधाला न जुमानणारी बुरशी भारतात पसरली असून, २०२० मध्ये तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नावही मिळाले. जुनी औषधे थिटी पडत असताना नव्या रेणूंचा शोध वनस्पतींत घेणे हा भाबडेपणा ठरत नाही.

पण तो शोध घ्यायचा कसा? प्रयोगशाळेतील बशीत बुरशी मेली, एवढ्यावर डब्यांना 'वनस्पतिजन्य' अशी लेबले चिकटवून बाजार भरवणे सोपे आहे. टाकळ्याचा अर्क प्रमाणित करून, रुग्णांचे दोन गट पाडून, एकाला तो आणि दुसऱ्याला प्रचलित औषध देऊन महिनोन् महिने तपासणे किचकट असते; त्यात नफाही कमी. हे काम सरकारनेच अंगावर घ्यावयास हवे. भिवंडीतच इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि रुग्ण शोधण्यास दूर जावे लागणार नाही. त्वचारोगतज्ज्ञ आणि वनस्पती-रसायनज्ञ यांना तेथे एकत्र आणण्याची तजवीज आरोग्य खात्याने करावी. रुग्णालयाचा त्वचारोग विभाग मात्र संध्याकाळी, पाळी सुटल्यावर उघडा असावा. एरवी कामगार तेथे पोहोचणारच नाही.