लाईटहाऊस, दहा मिनिटं, फोटोपुरतं

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आठवड्यात सहलीचं पत्रक येऊन पडलं. शुक्रवारी रात्री नौपाड्यातून बस सुटणार, रविवारी रात्री परत. मधल्या वेळात गुहागरचा व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीने पलीकडे जयगड, कऱ्हाटेश्वर, मालगुंड, गणपतीपुळे. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ घातलेली. देवाला पाऊण तास, जेवणाला सव्वा तास आणि 'जयगड लाईटहाऊस – १० मि., फोटोपुरतं'. खाली अंगठ्यांची रांग.

सहलीतलं 'पॉइंट' नावाचं प्रकरण मला सोसत नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर लिहिलं होतं तेव्हा 'मग घरी बसा की' अशी पत्रं आली होती, तीही प्रेमाने. देवांबद्दल माझी तक्रार नाही. नौपाड्यातल्या कितीतरी घरांचा कुलस्वामी त्याच पट्ट्यात आहे, तिथे वर्षाआड जाणं भाग असतं आणि जावंही. पण दीपगृहाला दहा मिनिटं? खालून वर जिना चढेपर्यंतच तेवढी जातात, त्यात आमच्या सोसायटीचं सरासरी वय धरलं तर वरचा माणूस खाली यायच्या आत बस सुटलेली असेल. बरं, पत्रकाप्रमाणे पोचायचं भर दुपारी साडेबाराला. दीपगृहं बहुधा संध्याकाळचे दोनेक तास लोकांना पाहायला खुली असतात. म्हणजे फोटो निघणार तो बंद फाटकाचा.

माहिती हवी असणाऱ्यांसाठी थोडक्यात. शास्त्री नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी जयगडचा किल्ला आहे आणि त्याच्यापुढच्या टेकाडावर हे दीपगृह. १९३२ साली उभं राहिलं, मनोरा ओतीव लोखंडाचा. उत्तरेला वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलला टाळकेश्वरचं दीपगृह आहे. दर्यातून येणाऱ्याला एका खाडीच्या जागी दुसरी वाटू नये म्हणून प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा हिशेब वेगळा ठेवतात. तांडेल सेकंद मोजतो आणि कुठे आलो ते ओळखतो. आपल्याकडे १९२७च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ साली नवा कायदा आला. त्यात जुन्या दीपगृहाला 'वारसा दीपगृह' म्हणून जाहीर करायची सोय आहे. झाली माहिती.

आम्ही जयगडला गेलो होतो ते बहीण, मेहुणे आणि भाच्याबरोबर. मेहुण्यांनी हेदवीच्या पुढे रस्त्यावर आमसुलांचा भाव करण्यात जो वेळ घालवला त्यात एक फेरीबोट गेली. भाव शेवटी दहा रुपयांनी उतरला आणि त्या आनंदात त्यांनी गरजेच्या तिप्पट आमसुलं घेतली. पलीकडे उतरून, किल्ल्याकडे न वळता, थेट दीपगृह गाठलं तेव्हा उन्हं कलली होती. तिथल्या काकांनी घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चला, पण चपला इथे. वर काचेला बोट लावायचं नाही."

वरच्या खोलीत दिव्याभोवती पडदे ओढलेले होते. मेहुण्यांना वाटलं धूळ बसू नये म्हणून. काका म्हणाले, "धुळीसाठी नव्हे, उन्हासाठी. ही भिंगं दिव्याचा उजेड बाहेर फेकतात, तसंच बाहेरचं ऊन गोळा करून आत आणतात. पडदा उघडा राहिला तर आतलं सगळं जळेल." मग त्यांनी एका बाजूचा पडदा बोटभर सरकवला. काचेच्या लोलकांची एकावर एक वळी, कडांना किंचित हिरवट झाक, आणि मधोमध दिवा. मेहुणे वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "एवढाच?"

"सगळे हेच विचारतात," काका म्हणाले.

त्या एवढ्याशा दिव्याला मैलोगणती पोचवणारी ही भिंगाची कल्पना फ्रेनेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याची. त्याने ती पहिल्यांदा १८२३ साली बसवली ती फ्रान्समधल्या कोर्दुआनला, तेही जिरोंदच्या, म्हणजे नदीच्याच मुखाशी. ते दीपगृह २०२१ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. तिथे जायचं तर ओहोटी साधून होडीने जायचं आणि शेवटचा तुकडा पाण्यातून चालायचं. कोणी त्याला पूल बांधून दिला नाही, म्हणून कोणाचं अडलेलंही नाही. आपल्याकडे खांदेरी गेल्या वर्षी, २०२५ साली, शिवकालीन किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत आली. तिच्यावरचं दीपगृह १८६७चं. त्या बेटावर काँक्रीटचं काय काय उभं राहील या विचाराने मला आताच धास्ती वाटते.

भाच्याने विचारलं, "मामा, आता जीपीएस असताना हे कशाला?" मी काही शहाणपणाचं बोलणार तेवढ्यात काकाच म्हणाले, "यंत्र बिघडतं की. रात्री खाडीत शिरताना अजून बघतात इकडे." आणि फडकं घेऊन काच पुसायला लागले. लोखंडाला खारा वारा खातो, त्यामुळे खरवडणं आणि रंग देणं कायमचंच, असंही म्हणाले.

त्या रात्री जयगडचा हिशेब भाच्याने मोजून पाठ केला, आणि खरी कटकट ठाण्याला परतल्यावर सुरू झाली. पोरगं आमच्या गच्चीत उभं राहून नौपाड्यातल्या टॉवरांचे लाल दिवे मोजायला लागलं. हे दिवे विमानांसाठी असतात, हे मला माहीत आहे आणि ते हवेतच. पण दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या गच्चीतून घंटाळीकडे पाहिलं तर दुमजली इमारतींची कौलं आणि नारळ दिसत. आता पुनर्विकास झाला, आणि एक लाल दिवा सरळ आमच्या शयनगृहात उघडझाप करतो. सौ.चं म्हणणं, जाड पडदा लावा. लावला. तरी कडेने येतो. समोरचा दिवा आणि त्याच्या मागचा दिवा यांचा ताल कधी जमत नाही, ते मोजता मोजता माझी झोप उडते. सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "आपलाही टॉवर होणारच आहे, मग आपलाही दिवा असेल." टाळ्या पडल्या. पार्किंग किती मिळणार, या प्रश्नावर सभा रात्री अकरापर्यंत चालली.

असो. पत्रकाबद्दल. मी ग्रुपवर लिहिलं की मालगुंड किंवा गणपतीपुळे यांतलं एक दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा आणि जयगडला संध्याकाळ द्या. उत्तर आलं, 'सर, किनाऱ्यावरचा सूर्यास्त मस्ट आहे.' सूर्यास्त जयगडलाही होतो, असं मी लिहिलं. त्यावर कोणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं.

तेव्हा ग्रुपवर नसलेल्या वाचकांना सांगतो. जयगडला जाल तेव्हा वेळ आधी विचारून घ्या, संध्याकाळ मोकळी ठेवा, मुलांना जिना चढू द्या, तिकिटाच्या चार पैशांवरून घासाघीस करू नका. आणि काचेला बोट लावू नका.